छापील पानाच्या पलीकडचा विद्यार्थी



हीरक महोत्सवात ग्रंथांचा गौरव व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्याला छापील पान वाचता येत नाही, त्या विद्यार्थ्यापर्यंत ग्रंथ पोहोचतो कसा, हा प्रश्न अशा प्रसंगी क्वचितच विचारला जातो. असे विद्यार्थी केवळ दृष्टिहीनच नसतात. डिस्लेक्सियामुळे अक्षरांशी झुंजणारे आणि हातांच्या दुर्बलतेमुळे पान उलटू न शकणारेही त्यांत येतात.

कायद्याची वाट मोकळी आहे. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी सुगम प्रती करण्याची मुभा दिली. २०१३ च्या माराकेश कराराला अनुसमर्थन देणारा पहिला देशही भारतच.

अडचण दडली आहे ती संगणकीय धारिकेत. मराठी मजकूर वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व टंकांत जुळवला गेला. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर वा चिन्ह असते. परिणामी पडदावाचक प्रणाली संतसाहित्यावरील विवेचनाऐवजी निरर्थक ध्वनींची माळ ऐकवते. ऱ्हस्व इकाराची तर मौजच! जुन्या टंकांत तो व्यंजनाआधी साठवलेला असतो, भारती ब्रेलमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येतो. रूपांतर करताना हा क्रम सांभाळला नाही, तर शब्दच मोडतो. प्राध्यापकांच्या टिपणांच्या छायाप्रती म्हणजे नुसती चित्रे. त्यांपुढे पडदावाचक मूकच. अक्षरे ओळखणारी प्रणाली मजकूर काढून देते खरी, पण रफार गळला की ‘अर्थ’चा ‘अथ’ होतो. मग कोणीतरी ओळ अन् ओळ मुळाशी ताडून पाहावी लागते.

हे ‘कोणीतरी’ महाराष्ट्राबाहेर अधिकच दुर्मीळ. बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथे देवनागरी वाचणारे भेटतील. पण ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’चा भेद जाणून ध्वनिमुद्रण करणारा वाचक शोधावाच लागतो. आणि सत्रारंभी नेमलेले पुस्तक परीक्षेच्या तोंडावर हाती आले, तर ते न येण्यासारखेच. म्हणून पुस्तकांची यादी निश्चित होताच प्रकाशकाकडे युनिकोड धारिका मागणे हे विभागाचे काम. तो भार विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

मराठी शाळांचे निवृत्त शिक्षक मुद्रितशोधनात मुरलेले असतात. ताडून पाहण्याचे काम त्यांच्याइतके नेटके कोण करील? आरंभ या स्मरणिकेपासूनच करता येईल: मुद्रकाकडून तिची युनिकोड धारिका आजच मागून घ्यावी आणि छायाचित्रांखाली त्यांचे वर्णन लिहावे.