मोडलेली काठी, उरलेले धनुष्य



मिथिलेत धनुष्य मोडले तेव्हा जयजयकार झाला. नाहूरला आमच्या घरी धनुष्य मोडले तेव्हा शेजारी धावत आले, आणि ज्याच्यासाठी ते चालले होते तो आमचा दहा वर्षांचा पुतण्या रडू लागला. त्या मोडक्या काठीविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

काठी धामणीची होती. या झाडाचे संस्कृत नाव 'धन्वन'. नावातच धनुष्य आले. लाकूड चिवट व लवचीक, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे याचे करीत. आमच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर हिरवागार दिसतो खरा. परंतु ते राष्ट्रीय उद्यान आहे, तेथील फांदीला हात लावता येत नाही आणि लावूही नये. ही फांदी कोकणातील एका स्नेह्याच्या बांधावर वादळात पडलेल्या झाडाची. दोन वर्षे सावलीत वाळवलेली. दुसरी मिळणे अवघड होते.

मग ती मोडली का? धनुष्य ओढले की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आतली बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. पाठीवरचा तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असेल तर तो ताण सोसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीसाठी जी द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत बांबूही आहे. सातपुड्यातील भिल्लांच्या कमठ्याला बांबूच्या कामटीची दोरी असते. बांबूच्या सालीलगतचे तंतू दाट आणि लांबच लांब असतात, हेच त्याचे बळ. आम्ही मात्र काठी सुबक दिसावी म्हणून पाठीवरची एक गाठ रंध्याने साफ केली, आणि तिच्याभोवतीचे तंतू कापले गेले. काठी नेमकी तेथेच गेली. दोष धामणीचा नव्हे, आमच्या हौसेचा होता.

मोड पाहून उपाय ठरवावा लागतो. नुसती लांबट चीर असेल, तर तीत सरस मुरवून वर दोरा गच्च गुंडाळावा आणि लाकूड थोडे पातळ करून ताण हलका करावा. मोड मधोमध मुठीत असेल, तर माशाच्या शेपटीसारखा सांधा करून दोन तुकडे जोडता येतात, कारण मूठ फारशी वाकत नाही. विलायतेत यू झाडाची लांब, निर्दोष काठी मिळेना, तेव्हा तेथील कारागीर असे जोडधनुष्य मुद्दाम करीत. परंतु वाकणाऱ्या भागातच तंतू आडवे तुटले, तर सरस टिकत नाही.

आमचा मोड अशाच जागी होता. साडेपाच फूट काठी, आणि टोकापासून आठ इंचांवर आडवी तुटलेली. एका हितचिंतकाने सुचविले, लोखंडी पट्टी ठोका, वर रंग द्या, पोराला काय कळते! खरे आहे, पोराला कळले नसते. पण धनुष्य मोडते ते ओढणाऱ्याच्या तोंडापाशी.

आम्ही दोन्ही टोकांची नऊ-नऊ इंच कापली. चार फूट उरले. काठी आखूड केली की ती ताठ होते. म्हणून तिचे पोट खरवडावे लागले. येथे हात जपावा लागतो, कारण जाडी निम्मी केली तर जोर निम्मा न राहता आठव्या हिश्श्यावर येतो. दर चार ओरखड्यांनी थोडे वाकवून दोन्ही बाजू सारख्या वळतात का, ते पाहिले. शेवटी धनुष्य खुंटीला अडकवून, दूर उभे राहून, दोराने पुन्हा पुन्हा ओढले. बेताचे वीस इंच ओढायचे असे ठरविले, आणि मगच ते मुलाच्या हाती दिले.

मुलाने विचारले, "काका, हे लहान का झाले?" गाठीची गोष्ट आम्ही त्याला जशीच्या तशी सांगितली. त्याने कापलेला तुकडा मागून घेतला, गाठीवरून बोट फिरविले आणि तो दप्तरात ठेवला.

मोडलेले पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. पण त्यात जेवढे अखंड उरले आहे तेवढ्याचे नवे काही होऊ शकते. मात्र कोठे मोडले आणि कोणामुळे मोडले, हे आधी कबूल करावे लागते.