मी शिकले कशी, शिकवीन कशी



अध्यापक विद्यालयात पाऊल टाकल्यापासून आम्हां छात्राध्यापकांना एकच प्रश्न रोज पडतो. कसे शिकवायचे? पाठाचे टाचण कसे काढायचे, फळा कसा वापरायचा, वर्गाला प्रश्न कसे विचारायचे, याचा सराव चाललेला असतो. पण त्याच्या अगोदरचा एक प्रश्न आहे, आणि तो आपण स्वतःला फारसा विचारीत नाही. मी स्वतः कशी शिकले? आज त्याविषयी तुमच्याशी थोडे बोलणार आहे.

अपूर्णांक मला प्रथम समजले ते आठवड्याच्या बाजारात, आईच्या भाजीच्या पाटीपाशी. चाळीस रुपये किलोची वांगी, पाऊण किलोचे किती? तीस. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द हाताला आणि तराजूला ठाऊक होते. पुढे शाळेत तीन छेद चार असे फळ्यावर आले, तेव्हा ते ओळखीचेच निघाले. म्हणून कोणी विचारले तर मी सांगत असे की, मी हाताने शिकणारी आहे. पण व्याकरणातला प्रयोग काही तराजूत मावेना! तो समजला धाकट्या भावाला मोठ्याने समजावून सांगताना. आणि महाराष्ट्राच्या नद्या ध्यानात राहिल्या त्या पुनःपुन्हा नकाशा काढून. मग मी नेमकी कोणत्या जातीची विद्यार्थिनी म्हणायची?

शिक्षणशास्त्रात याला अध्ययनशैली म्हणतात. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी हातांनी. ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवावे, असा एक समज सर्वत्र पसरलेला आहे. ऐकायला तो गोड वाटतो. परंतु 2008 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधन तपासून पाहिले. शैलीप्रमाणे शिकवल्याने मूल अधिक चांगले शिकते, याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. प्रत्येकाची आवड निराळी असते, हे खरेच. पण वाट ठरते ती बरीचशी विषयावरून. नकाशा पाहावा लागतो, कविता ऐकावी लागते आणि बी रुजताना पाहायचे तर माती हातात घ्यावीच लागते.

मग सगळ्यांना उपयोगी पडेल असे काहीच नाही का? आहे. जर्मनीतील एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीची परीक्षा घेतली आणि 1885 साली ती प्रसिद्ध केली. एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांनी केलेली उजळणी जास्त टिकते, असे त्याला आढळले. पुस्तक पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवून सांगणे अधिक फळते, हेही पुढे अनेक प्रयोगांत दिसले. आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणत, त्यात हेच होते की नाही? रोज, न पाहता, तोंडाने. परवच्यात उणीव राही ती अर्थाची. सतरा साते एकशे एकोणीस हे तोंडात असे. पण सतरा सतराच्या सात राशी डोळ्यांसमोर असतच असे नाही.

ही अर्थाची गोष्ट मला एका सराव पाठात नीट कळली. तिसरीचा वर्ग होता आणि हातच्याची वजाबाकी चालली होती. बावन्नातून सत्तावीस. एका मुलीने पाटीवर झटकन पंचवीस लिहिले. मी तिच्या हाती काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या व म्हटले, यातल्या सत्तावीस मला दे. ती थबकली. "बाई, सुट्या दोनच आहेत, सात कशा देऊ?" मागे एक मुलगा बसला होता. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला, नुकताच परत आलेला. तो म्हणाला, "बाई, मोळी सोडायची ना!" आणि त्याने गठ्ठा सोडून दाखवला. पण त्यालाच ते गणित पाटीवर मांडायला सांगितले, तर जमेना.

आता यात हुशार कोण आणि ढ कोण, हे तुम्हीच सांगा. मुलीपाशी आकडे होते, मुलापाशी मोळी होती. दोघांनाही मधली वाट हवी होती. ती वाट घालून देणे हे शिक्षकाचे काम आहे, असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

ताराबाई मोडकांनी हेच फार मोठ्या प्रमाणावर केले. 1945 साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. परदेशी साधने परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे ही साधने झाली. मूल जिथे आहे तिथून आरंभ करायचा, हा त्यांचा धडा आहे.

तेव्हा माझे ध्येय फार मोठे नाही. मला खेड्यातली दोन शिक्षकी शाळा मिळाली तरी आनंद आहे. तिथे तीन गोष्टी करायच्या आहेत. नवा भाग आधी वस्तूंनी, मग चित्राने आणि मग आकड्यांनी शिकवायचा. तासाची शेवटची पाच मिनिटे पुस्तके मिटून मुलांनी बोलायचे. आणि दिवाळीच्या सुमारास तोडीला गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडी परत आले, की त्याला काय येत नाही हे नंतर पाहायचे. ते तिकडून काय शिकून आले हे आधी विचारायचे. 2010 सालापासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने त्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो. पण त्या वर्गात त्याचे मन लागले नाही, तर पुढच्या हंगामात ते कोयता घेऊनच उभे राहील. ही भीती मला रोज वाटते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकांनी हे वर्षानुवर्षे केले असेल. त्यातून आम्हां नवख्यांना शिकायचे आहे. आणि आईबापांना एक विनंती आहे. संध्याकाळी मुलाला किती मार्क पडले, हे विचारण्याआधी एवढेच म्हणा, "आज काय शिकलास, मला सांग बरं." तुम्हांला अक्षर येत नसले तरी हरकत नाही. ते सांगता सांगता त्याचा अभ्यास पक्का होतो. चूल पेटवता पेटवता, जनावरांना वैरण टाकता टाकता हे ऐकता येईल. आजच ऐकून पाहा.