बाबांची गोळी आणि न बोललेले साइड इफेक्ट

आजचा विषय थोडा अवघड आहे. समजायला नाही, बोलायला. प्रोस्टेट. हेडफोन लावून ऐकत असाल तर ठीक. शेजारी बाबा बसले असतील तर सरळ स्पीकरवर टाका, तुमचं निम्मं काम होईल.

माझे बाबा ६३ वर्षांचे. लग्नकार्याला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, "हॉलमध्ये बाथरूम कुठे आहे?" एसटीचा प्रवास बंद. रात्री पाच-पाच वेळा उठायचे. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, आणि जाऊन आले तरी पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही. आई म्हणायची, वय झालं.

वय हे कारण आहेच, पण नेमकं होतं काय? प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयानुसार ग्रंथी वाढते आणि नळी आवळली जाते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण कॅन्सरमध्येही अशीच लक्षणं दिसू शकतात, म्हणून तपासणी टाळायची नाही. डॉक्टरांनी बाबांची लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि पीएसए ही रक्ततपासणी केली. शिवाय सात प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ३५. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. बाबांचे आले २१.

मग गोळी सुरू झाली. एकाच गोळीत दोन औषधं, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. पहिलं औषध तिथले स्नायू सैल करतं, फरक काही दिवसांत जाणवतो. दुसरं हार्मोनवर काम करून ग्रंथी हळूहळू लहान करतं, त्याला सहा महिने लागू शकतात.

बाबांना फरक पडला. आणि दोन महिन्यांनी परत सगळं पहिल्यासारखं. मी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तर हिशेब लागेना. विचारलं तर म्हणाले, "चक्कर येते रे. बंद केली." एवढंच. पण "बंद केली" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी वाचायला बसलो. टॅमसुलोसिनने उठताना बीपी खाली येऊ शकतं, त्यात बाबांना बीपीची गोळी आधीपासून आहे. त्याच औषधाने वीर्य कमी येणं किंवा अजिबात न येणंही होऊ शकतं. ड्युटास्टेराइडने काहींची इच्छा कमी होते, ताठरता कमी होते, क्वचित छाती दुखरी होते किंवा वाढते. सगळ्यांना होतं असं नाही. पण ज्याला होतं तो माणूस हे मुलाला कसं सांगणार?

पुढच्या वेळी मी सोबत गेलो. चकरेचं सांगून झालं आणि मी म्हटलं, "बाबा, मी बाहेर बसतो." दहा मिनिटं दार बंद होतं. आत काय बोलणं झालं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. बाबा बाहेर आले ते नवीन चिठ्ठी घेऊन. औषध बदललं होतं, वेळ बदलली होती. आता रात्री दोनदा उठतात.

म्हणून सांगतो, गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने परत सुरूही करू नका. टॅमसुलोसिन काही दिवस सुटली असेल तर विचारूनच सुरू करायची. झोपेतून उठताना आधी दोन मिनिटं काठावर बसायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनबद्दल आधी सांगायचं, पूर्वी घेतलेली असली तरीही. ड्युटास्टेराइडने पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून रिपोर्ट दाखवताना गोळीचं नाव सांगायचंच. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडकू शकते, तेव्हा मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. लघवी पूर्ण थांबली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. लघवीत रक्त दिसलं किंवा थंडीताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टर.

आणि आपल्या वयाच्या पोरांनो, केसांसाठी जी फिनास्टेराइड १ मिलीग्रॅम घेता ना, तीच ५ मिलीग्रॅममध्ये प्रोस्टेटला देतात. इच्छा कमी होणं, मन उदास राहणं, हे तुम्हालाही होऊ शकतं. तुम्ही सांगितलंय कुणाला? मग बाबा सांगत नाहीत यात नवल काय!

या रविवारी बाबांना "गोळी घेतली का?" असं विचारू नका. "गोळीचा काही त्रास होतो का?" असं विचारा. उत्तर नाही मिळालं तरी चालेल. डॉक्टरांकडे सोबत जा, आणि थोडा वेळ बाहेर बसा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.