मास्कच्या आधीचा अर्धा तास



भूलतज्ज्ञांच्या अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो मी आज मोडते. मला दोन प्रश्नांबद्दल बोलायचं आहे. स्वमग्न मुलाचे आईवडील भुलीपूर्वीच्या तपासणीला येतात आणि फाईल पुढे सरकवता सरकवता विचारतात, "भुलीने त्याचं आणखी बिघडणार नाही ना?" जरा धीट झाले की दुसरा प्रश्न येतो, "मागच्या भुलीमुळेच तर हे झालं नसेल?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. मूल दीड-दोन वर्षांचं होतं, हाक मारली तरी वळून बघत नाही. ऐकू येत नसेल म्हणून 'बेरा' तपासणीला पाठवतात. ते स्वस्थ पडत नाही, म्हणून गुंगी देतात. कान चांगले निघतात आणि मग कुठे स्वमग्नतेचं निदान होतं. लक्षण गुंगीच्या आधीपासूनच होतं. पण घरच्यांच्या आठवणीत गुंगी आणि निदान एवढंच शेजारीशेजारी उरतं. तैवानमधल्या २०१५ सालच्या अभ्यासात, वयाच्या दोन वर्षांच्या आत भूल मिळालेल्या मुलांमध्ये स्वमग्नता जास्त आढळली नाही.

पहिल्या प्रश्नामागची धास्ती उंदरांच्या पिल्लांवरून आलेली आहे. २००३ साली सात दिवसांच्या पिल्लांना सहा तास भूल दिल्यावर त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेलेल्या दिसल्या. माणसांच्या बाळांचं काय, हे 'गॅस' चाचणीने पाहिलं. हर्नियाची ७२२ तान्ही बाळं. काहींना सेव्होफ्लुरेन, काहींना जागेपणी मणक्यातली भूल. तासाभराच्या आतल्या सेव्होफ्लुरेनच्या भुलीनंतर दुसऱ्या वर्षी आणि पाचव्या वर्षी बुद्धीत फरक दिसला नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीचा. 'गॅस'मधली बाळं स्वमग्न म्हणून निवडलेली नव्हती, हेही मी पालकांना सांगते. तरी औषधाबद्दल मी त्यांना धीर देऊ शकते. आपल्याबद्दल देताना जीभ अडखळते.

पंधराएक वर्षांपूर्वी दातांसाठी सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. वेळ आठची दिलेली. आधीची हाडांची केस लांबली आणि त्याला साडेअकराला आत घेतलं. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. स्वतःचा शर्ट काढून त्याला हिरवा खरखरीत गाऊन घातलेला. चौघांनी धरला, मी मास्क दाबला, आणि मिनिटाभरात तो निपचित झाला. कागदावर मी लिहिलं : 'इंडक्शन स्मूथ.' तीन महिन्यांनी त्याची आई भेटली. तो तोंडाजवळ टॉवेल येऊ देत नव्हता. चेहरा पुसायला गेलं की किंचाळत होता. भुलीचा परिणाम म्हणतात तो हा, आणि माझ्या कागदावर त्याची नोंद नाही.

यातलं बरंचसं टाळता येतं, आणि त्याला नवं यंत्र लागत नाही. अशी केस यादीत पहिली घ्या. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे वॉर्डातल्या सिस्टरांना आपणच सांगायला हवं. रिस्पेरिडोन चालू असेल तर सकाळची गोळी चुकवू नका. गुंगीचं मिडॅझोलॅम कडू असतं. आई म्हणते, त्याच्या आवडत्या सरबतात मिसळा. मिसळू नका. ही मुलं मोजके चार पदार्थ खातात. त्यातल्या एकाची चव बदलली तर तो कायमचा सुटू शकतो. नाकात डेक्समेडेटोमिडीनचे थेंब घातले तर चवीचा प्रश्न नाही, झोंबतही नाही. मात्र गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो. सर्जन घड्याळाकडे बघत असतात आणि तेवढ्यात आपल्यालाही घाई होते. (सर्जन मंडळी आज सभागृहात नाहीत, म्हणून हे मोकळेपणाने बोलते आहे.)

शुद्धीवर येताना मूल हातपाय आपटू लागलं की आपण सेव्होफ्लुरेनला दोष देतो. बऱ्याचदा तो असतोही. पण कधी फक्त सलाईनची चिकटपट्टी सोसवत नसते, आणि हे जिला एका नजरेत कळेल तिला आपण रिकव्हरीच्या दाराबाहेर बसवून ठेवलेलं असतं. दुखणं मोजायचा सुधारित 'फ्लॅक' तक्ता आहे. त्यात पालकांना विचारून त्या मुलाच्या स्वतःच्या खुणा लिहायच्या असतात. दुखलं की हसणारा एक मुलगा मी पाहिला आहे. आईने सांगितलं नसतं, तर मी त्याला खुशाल घरी सोडला असता.

तपासणीच्या फॉर्मला जोडायच्या एका पानाचा मसुदा बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. प्रश्न दहाच आहेत, खोडा, वाढवा. नववा प्रश्न त्या टॉवेलवाल्या मुलाच्या आईने सुचवला आहे : 'अंगावरचं काय काढलेलं त्याला चालत नाही?'