दहा टक्के कापले म्हणजे कर भरला असं नव्हे



दोन वर्षांपूर्वी एका कबड्डीपटूचे वडील माझ्या कार्यालयात आले होते. हातात आयकर खात्याचं पत्र होतं आणि चेहरा पार उतरलेला होता. मुलाचा लीगमधला पहिला मोसम झाला होता. आलेल्या पैशातून घराचा स्लॅब टाकून झाला होता, मुलीचं लग्न झालं होतं. ते मला एकच विचारत होते, "मॅडम, टीमनं कर कापूनच पैसे दिले की. मग आता हे आणखी कसले मागतायत?"

त्यांना मी जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते. खेळाडूच्या घरात पैसा अनेक दारांनी येतो आणि प्रत्येक दाराचा नियम वेगळा असतो.

पहिलं दार नोकरीचं. आपल्याकडे रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. अशा नोकरीत मालक वर्षभराच्या पगाराचा अंदाज घेतो आणि त्यावरच्या कराच्या सरासरी दरानं दरमहा कर कापतो. त्यामुळे मार्चअखेर हिशेब बहुधा पुरा झालेला असतो.

दुसरं दार लीगचं आणि सगळा घोटाळा इथेच होतो. आयपीएल असो वा प्रो कबड्डी, संघ खेळाडूला साधारणपणे नोकरीवर ठेवत नाही, मोसमाचा करार करतो. डॉक्टरला किंवा वकिलाला फी द्यावी तसं मानधन देतो आणि देताना सरसकट दहा टक्के कापतो. तुमचा खरा कर किती होतो हे संघ बघत नाही, ते बघणं त्याचं कामही नाही. ते दहा टक्के म्हणजे तुमच्या नावानं जमा केलेली आगाऊ रक्कम असते. पूर्ण कर तुम्हालाच काढायचा आणि भरायचा असतो.

आकडे घेऊन बघू. २०२५ च्या आयपीएल लिलावात सर्वात कमी मूळ किंमत ३० लाख रुपये होती. समजा एखाद्या मुलाला तेवढेच मिळाले आणि दुसरं उत्पन्न नाही. संघ तीन लाख कापेल आणि २७ लाख खात्यात येतील. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, पुढे दर टप्प्याटप्प्यानं चढतो आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के लागतो. खर्च काहीच दाखवला नाही, तर चार टक्के उपकरासह कर होतो ४,९९,२०० रुपये. म्हणजे सुमारे दोन लाख अजून द्यायचे राहिले. रक्कम जितकी मोठी, तितकी ही तफावत मोठी. कबड्डीपटूच्या त्या वडिलांना आलेलं पत्र या तफावतीचंच होतं.

खर्च मात्र जरूर दाखवा, तो तुमचा हक्क आहे. एजंटचं कमिशन, प्रशिक्षकाची आणि फिजिओची फी, बूट, साहित्य, सरावासाठीचा प्रवास, हे सगळं मानधनातून वजा होतं. वरच्या उदाहरणात चार लाखांचा खरा खर्च असेल, तर कर ३,७४,४०० वर येतो. पण बिलं हवीत. आपल्याकडे तालमीतल्या वस्तादाला, गावच्या कोचला पैसे हातात देण्याची रीत आहे. भावना चांगली, पण एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिलात, तर तो खर्च धरला जात नाही. बँकेतून द्या.

कर एकदम मार्चमध्येही भरायचा नसतो. कापलेला कर वजा जाता उरणाऱ्या अंदाजे कराचे १५ टक्के १५ जूनपर्यंत, एकूण ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, एकूण ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि उरलेला १५ मार्चपर्यंत भरायचा. चुकलात तर दरमहा एक टक्का व्याज चढतं. आयपीएल मे-जूनच्या सुमारास संपते, म्हणजे पहिला हप्ता डोक्यावरच येतो आणि नेमकी तेव्हाच घरी नव्या गाडीची बोलणी चाललेली असतात.

आता जीएसटी. मान्यताप्राप्त क्रीडा संघटनेच्या स्पर्धेत त्या संघटनेसाठी खेळण्याचं मानधन जीएसटीतून मुक्त आहे. लीगमधल्या फ्रँचायझी संघासाठी खेळलात तर ती सवलत नाही. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली, की नोंदणी आणि १८ टक्के जीएसटी आला. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी एक ओळ शोधा: रक्कम जीएसटी धरून आहे की सोडून? धरून असेल, तर तुमच्या ३० लाखांतले साडेचार लाखांहून अधिक सरकारचेच आहेत. ही ओळ न वाचता सही केलेले करार मी पाहिले आहेत आणि अजूनही मन खट्टू होतं.

बक्षिसांचं दार निराळं. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांतल्या पदकासाठी केंद्र किंवा राज्य सरकारनं दिलेलं रोख बक्षीस करमुक्त असतं. स्वप्नीलला राज्य सरकारनं एक कोटी जाहीर केले, ते या प्रकारातले. पण एखादा बिल्डर किंवा सराफ सत्कारात धनादेश देतो, तेव्हा ही सूट आपोआप लागत नाही. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला थार गाडी मिळालेली आपण पाहिली आहे. ज्याचा चरितार्थच खेळावर आहे, त्याला मिळालेली वस्तूही उत्पन्नच असते आणि तिच्या बाजारभावावर कर बसतो. गाडी दारात आली म्हणून गुलाल जरूर उधळा, पण देणाऱ्यानं तिच्यावरचा कर जमा केला का, हेही विचारा.

जाहिरातीचा पैसा हे आणखी एक दार. परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींचं उत्पन्न आपण अभिनेता म्हणून कमावलं आहे, असं सचिन तेंडुलकरनं मांडलं होतं आणि मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणानं २०११ मध्ये ते मान्य केलं. ज्या सवलतीसाठी हा वाद होता ती आता नाही. पण एकाच माणसाचा बॅटचा पैसा आणि कॅमेऱ्यासमोरचा पैसा कायदा वेगळा मोजू शकतो, हे त्यातून दिसतं.

परदेशी खेळाडूंना आपल्यापेक्षा सोपा नियम आहे. इराणच्या कबड्डीपटू मोहम्मदरेझा शादलूईला पुणेरी पलटणनं २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतलं. जो परदेशी खेळाडू करापुरता भारताचा रहिवासी ठरत नाही, त्याच्या इथल्या मानधनावर सरसकट २० टक्के आणि वर उपकर, अधिभार लागतो. त्याला खर्चाची वजावट मात्र मिळत नाही.

एक कळकळीची गोष्ट. "शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवा" किंवा "आईच्या खात्यावर घ्या" असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. ऐकू नका. संघानं कापलेला कर मुलाच्या पॅनवर नोंदलेला असतो. पैसा कुणाच्याही खात्यात गेला, तरी उत्पन्न कुणाचं हे आयकर खात्याला ठाऊक असतं.

कायद्याचे कलम क्रमांक मी मुद्दाम सांगितले नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाल्यानं ते बदलले आहेत.

तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी यंदा पहिला करार करणार असेल, तर एवढं करा. प्रत्येक हप्ता आला की त्यातला एक तृतीयांश वेगळ्या खात्यात टाका आणि वर्षाचं विवरणपत्र भरून होईपर्यंत त्याला हात लावू नका. घराचा स्लॅब उरलेल्या पैशातून टाका.