शेतातले न दिसणारे गडी

श्रोतेहो, हरभऱ्याचा बेवड चांगला, हे आपल्या वाडवडिलांना पुस्तक न वाचताच ठाऊक होते. हरभरा निघालेल्या रानात पुढचे पीक जोमात येते. याचा उलगडा १८८६ साली जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्ट या दोन शास्त्रज्ञांनी केला. द्विदल पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून पिकाला देतात आणि पीक त्यांना खाऊ घालते. पोटावारी राबणारे गडीच म्हणा ना!

पण हे गडी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्यांच्या जिवावर बेतले, तरी आपल्याला पत्ता लागत नाही. असे एकदा खरोखर घडले, ते आज सांगतो.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड ही शेती-संशोधनाची जुनी संस्था आहे. तिच्या वोबर्न येथील शेतावर १९४२ साली एक प्रयोग सुरू झाला. काही तुकड्यांना शेणखत घातले, तर काहींना लंडनकडच्या सांडपाण्याचा गाळ. शहरच्या गाळात जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम असे धातू होते. १९६१ नंतर गाळ घालणे थांबले. आता काळजी मिटली, असे कोणालाही वाटेल.

पण वीस-पंचवीस वर्षांनी ती माती तपासली, तेव्हा गाळाच्या मातीत सूक्ष्मजीवांचा भार शेणखताच्या मातीच्या जवळजवळ निम्माच भरला. मग तिच्यात क्लोव्हर लावून पाहिले. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीम घासाचा भाऊबंद. त्याची वाढ खुंटली. मात्र नत्राचे खत दिल्यावर तेच पीक नीट वाढले. म्हणजे धातूंनी पिकाला मारले नव्हते, पिकाच्या गड्यांना मारले होते.

आणि खरी गोम पुढेच आहे. मुळांवर गाठी होत्या! पण त्या नत्र धरीत नव्हत्या. धातू सोसणारा जिवाणूंचा एकच वाण मागे उरला होता आणि तो निघाला कामचुकार. बाहेरून चांगले जिवाणू आणून सोडले, तर तेही त्या मातीत फार दिवस टिकले नाहीत.

असे का व्हावे? शेणामुताची घाण सूक्ष्मजीव खातात, तिचे खत करतात. धातू मात्र कोणाच्याच पोटात जिरत नाही. तो मातीला चिकटून बसतो. दरसाल थोडा थोडा पडला, तरी साठत जातो.

म्हणून शेतकरी बंधूंनो, शहराचा गाळ फुकट मिळतो म्हणून गाडी भरून आणू नका. आधी विचारा, यात कोणाकोणाचे पाणी मिसळले आहे? कारखान्याचे असेल, तर गाळ आणि माती दोन्ही तपासून घ्या, आणि धातूंची तपासणी हवी, असे मुद्दाम सांगा. एकदा माती बिघडली, की नातवालाही ती निस्तरावी लागेल.

शिक्षक मित्रांना एक विनंती. हरभरा फुलावर येऊ लागला, की मुलांना रानात न्या. रोप उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढा, पाण्यात अलगद धुवा आणि गाठ नखाने चिरा. आतून तांबूस दिसली, तर गडी कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली, तर तो स्वस्थ बसला आहे. तेवढ्यावरून मातीत विष आहे, असे मात्र ठरवू नका. गाठ कोवळी असेल, रानात पाणी साचले असेल किंवा नत्राचे खत जास्त पडले असेल. पण चौकशी तिथून सुरू करा.

बैल लंगडला, तर आपण लगेच त्याचा खूर उचलून पाहतो. या मुक्या गड्यांचीही वर्षातून एकदा तेवढी विचारपूस करू या.