पाण्याचा हिशेब आमच्यासमोर मांडा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सन २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, ही खोल विहिरीची रेघ आहे. त्याखाली शेतीसाठी जायला मनाई. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा थर आहे, तापीकाठी गाळ आहे, नदीपलीकडे काळा पाषाण आहे. माप मात्र सगळ्यांना एकच!

पाषाणात पाणी राहायला जागा, समजा, शंभरात दोन. गाळात दहा. पातळी एक मीटर उतरली तर हेक्टरी पाषाणातून २०० घनमीटर पाणी गेले, गाळातून १,०००. उतार एकच, तोटा पाचपट. मग नियम एकच कसा?

यावर उपाय आहे. खोऱ्याचे भूजल मॉडेल. नावाला घाबरू नका. नकाशावर चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाची खतावणी ठेवायची. पाऊस, नाला, कालवा ही आवक. पंप आणि नदीकडे झिरपणारे पाणी ही जावक. उरली ती शिल्लक. एका चौकोनातून दुसऱ्यात किती पाणी सरकते, त्याचा नियम दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मध्येच मांडला. त्यावर चालणारा मॉडफ्लो हा प्रोग्रॅम अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने १९८४ पासून दिला आहे. तो फुकट मिळतो. अडचण पैशाची नाही, आकड्यांची आहे.

खरी मेख इथेच आहे. पावसाचे मुरणे, उपसा आणि थराची वाहकता, तिन्ही दुप्पट धरा. विहिरींची सरासरी पातळी तीच येते. म्हणजे नुसती पातळी जुळली म्हणून मॉडेल खरे ठरत नाही. उपशाचा आकडा कोण भरतो, त्यावर दोष कोणाचा ते ठरते. आणि तो आकडा बहुधा कसा निघतो? विहिरी मोजायच्या आणि ठरावीक सरासरीने गुणायचे. तुमची वीज रात्री किती तास होती आणि कोणता बोअर मार्चमध्येच आटला, हे त्या गुणाकारात येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपण गावोगावी त्याच महिन्यांत, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला, आपल्या विहिरी मोजू. दोरी, वजन आणि वही पुरते. पंपाचे तास लिहू. मे महिन्यात नदी पाणी देते की ओढते, तेही पाहू.

सरकारकडे मागणी दोनच. मॉडेल जुन्या वर्षांवर जुळवा, पण २०१८ च्या दुष्काळाचे आकडे त्याला दाखवू नका. त्या वर्षाची पातळी त्याने आपण होऊन सांगितली तरच ते विश्वासाचे. आणि ते ग्रामसभेत चालवून दाखवा.

उद्या तेच मॉडेल सांगेल की वरच्या गावाचा बोअर खालच्या गावाची विहीर आटवतो. तेही ऐकण्याची आपली तयारी पाहिजे. शेजाऱ्याशी भांडण परवडते. जमिनीखालच्या हिशेबाशी भांडून पाणी वर येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या.